अन्य योग्य उत्तर स्वीकारावे

दोनशे गुण, तीन तास.
विषय पर्यटन, इयत्ता बारावी, सप्टेंबरची पूर्वपरीक्षा.
लुसिकिसिकीत आठला वीज जाते, ठरल्याप्रमाणे,
आणि मी मोबाइलच्या उजेडात
सिडनीत आत्ता किती वाजले ते बोटांवर मोजते.

सोपे तीस टक्के, मध्यम पन्नास, अवघड वीस.
तक्ता टेबलावर चिकटवलाय.
त्यावर कपाचा गोल डाग पडलाय,
नेमका अवघडवर.

श्रीमती हॅलोरन रात्री नऊला जोहान्सबर्गहून निघतात,
बारा तास उडतात, आठ तास पुढे सरकतात.
त्या उतरतील तेव्हा तिथे वाजलेत किती? (चार गुण)
संध्याकाळचे पाच, दुसरा दिवस.
माझ्या वर्गातली एकोणचाळीस मुलं हे बिनचूक सोडवतात.
विमान त्यांनी पाहिलंय.
खालून.

दोन वर्षांपूर्वी मी एक प्रश्न घातला होता,
समुद्राकडच्या वस्तीतल्या गोल झोपडीचा:
मकोमाझी ताई पाहुण्यांना चटई देते, मक्याची भाकरी देते,
रात्रीचे अडीचशे रँड घेते. तिचा नफा काढा.
परीक्षक फेब्रुअरी (आडनावच आहे तसं)
ख्केबेर्हाहून फोनवर म्हणाले,
बाई, प्रश्न छान आहे, पण पारडं झुकतं.
तुमच्याकडच्या मुलांना झोपडी माहीत असते.
खरंच होतं ते. मी खोडला.
त्या जागी घातलं क्रूझचं जहाज,
बारा मजले, पोहण्याचे तीन तलाव.
जहाजाबद्दल
कुणाचाच फोन आला नाही.

मग गेल्या वर्षीचा लुखान्यो.
प्रश्न एक, सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात वर:
पर्यटक म्हणजे कोण? उदाहरण द्या. (दोन गुण)
त्यानं व्याख्या लिहिली, पुस्तकातली, स्वल्पविरामासकट:
नेहमीच्या जागेपासून दूर,
चोवीस तासांहून जास्त, वर्षाहून कमी,
आणि तिथे पगार न घेता राहतो तो.
खाली उदाहरण:
माझे वडील.
रस्टेनबर्गच्या खाणीतून डिसेंबरात येतात.
अकरा दिवस राहतात.
आमच्याकडे त्यांना पगार मिळत नाही.
फोटो काढतात. जाताना विचारतात,
पुढच्या वेळी काय आणू.

उत्तरसूचीत होतं: जर्मन प्रवासी, क्रूगर पार्क.
लाल पेन बराच वेळ
कागदापासून एक बोट वर राहिलं.
'नेहमीची जागा' कोणती, हे सूचीत नव्हतं.
अकरा महिने जिथे माणूस झोपतो ती,
की जिथे त्याचा कोट खुंटीला लटकलेला असतो ती?
मी एक गुण दिला. मग खोडून दोन.
मग कुणी पाहील म्हणून शेजारी लहानशी सही.

आज पुन्हा तोच प्रश्न एक.
मी तो बदलू शकते.
अवघडात टाकू शकते,
वीस टक्क्यांत, जहाजाच्या बाजूला.
पण मग ज्याला तो सोपा जातो त्याचं काय?
आणि ज्याला तो सोपा जातो
त्याला तो सोपा का जातो, याचे गुण कोण देणार?

फेब्रुअरी तसे वाईट नाहीत.
त्यांचेही वडील बोटीवर होते, एकदा म्हणाले होते,
आणि लगेच प्रश्न चार-बच्या गुणांची बेरीज
एकनं चुकलीय, असं सांगू लागले.
चुकली होती.

साडेदहाला वीज येते. फ्रीज कण्हतो.
मी उत्तरसूची उघडते,
जर्मन प्रवाशाखाली ओळ वाढवते:
अन्य योग्य उत्तर स्वीकारावे.
मग सिडनीची वेळ एकदा तपासते,
आणि झोपडीचा खोडलेला प्रश्न
जुन्या फाइलीतून काढून परत बसवते.
रात्रीचे तीनशे रँड.
दोन वर्षांत मक्याचं पीठही महागलंय.